खारीच्या शिकारीसाठी अचूक पॉइंट टूटू रायफल कशी निवडावी?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. माझे धाकटे बंधू अमेरिकेतील मिसूरी राज्यात स्थायिक झाले असून त्यांना तेथील कायमस्वरूपी निवासाची परवानगी मिळालेली आहे. त्यांचे कारखान्यातील सहकारी पानगळीच्या दिवसांत ओक आणि हिकरीच्या रानात खारीच्या शिकारीला जातात, मारलेल्या खारी घरी नेऊन त्यांचा रस्सा करतात, आणि या वर्षी त्यांनी बंधूंनाही आग्रहाने बोलावले आहे. बंधूंना उसनी रायफल वापरायची नाही. स्वतःची घ्यायची आहे. मी येथे आधी दहा मीटर एअर रायफल आणि नंतर पन्नास मीटर प्रोन या प्रकारांत नेमबाजी करीत आलो असल्यामुळे निवडीचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे.

अडचण अशी की माझा अनुभव स्पर्धेच्या रायफलींचा आहे. त्या पाच-सहा किलोच्या, डायोप्टर साइटच्या (बारीक छिद्रातून पाहून नेम धरायच्या), आणि हाताला पट्टा आवळून गादीवर झोपून चालवण्याच्या असतात. रानात तीन किलोची रायफल खांद्याला अडकवून हिंडणाऱ्या आणि झाडाच्या बुंध्याला टेकून वर नेम धरणाऱ्या माणसाला काय लागते, याचा मला अंदाज नाही. रायफल आणि दुर्बीण मिळून ६०० ते ७०० डॉलरपर्यंत खर्च करण्याची त्यांची तयारी आहे. कॅलिबर (गोळीचा व्यास) कोणते घ्यावे, बोल्ट (दर गोळीनंतर हाताने खटका ओढून पुढचे काडतूस भरायची) घ्यावी की सेमी-ऑटोमॅटिक (पुढचे काडतूस आपोआप भरणारी), आणि दुकानात उभे राहून रायफलीच्या अचूकतेबद्दल कितपत कळू शकते, हे माझे तीन प्रश्न आहेत.

आपल्याकडे खार मारणे गुन्हा आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. प्रश्न मिसूरीतील परवानाधारक शिकारीपुरताच आहे.


बालाघाटी (अंबाजोगाई)

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात मोजमापापासून करतो. मिसूरीत दोन जातींच्या खारींची शिकार होते. एक करडी खार, जी साधारण अर्धा किलो भरते, आणि दुसरी तांबूस रंगाची फॉक्स स्क्विरल, जी पाऊण किलोच्या पुढे जाते. मांस नासू नये आणि जनावर तडफडू नये म्हणून जाणते शिकारी डोक्यावर नेम धरतात, आणि डोक्यातील मर्मस्थान जेमतेम एक इंचाचे असते. अंतर बहुधा वीस ते पन्नास यार्डांच्या दरम्यानचे. म्हणजेच रायफल, काडतूस, दुर्बीण, वारा आणि माणूस या सगळ्यांची मिळून होणारी चूक पन्नास यार्डांवर एका इंचात बसली पाहिजे. रायफल आपल्या आवडत्या काडतुसाने पन्नास यार्डांवर पाच गोळ्या अर्ध्या इंचात टाकत असेल, तर उरलेला अर्धा इंच माणसाच्या हाताला मिळतो. रायफलीनेच एक इंच खाल्ला, तर तुमच्या बंधूंनी कितीही श्वास रोखला तरी निकाल नशिबावर जातो. आपल्या पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, त्या मानाने हे सोपे वाटेल. परंतु तेथे गादी नसते, लक्ष्य हलत असते आणि दुसरी गोळी क्वचितच मिळते.

कॅलिबरबाबत माझे मत स्पष्ट आहे: पॉइंट टूटू लाँग रायफल, म्हणजे ०.२२ इंच कॅलिबरचे काडतूस. हे काडतूस १८८७ पासून चालत आलेले आहे. त्याची गोळी बहुधा ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते, धक्का नगण्य असतो, आवाज कमी असतो, आणि जगात सर्वांत स्वस्त सरावही याच काडतुसाने होतो. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आठवड्याला खोकीभर काडतुसे झाडणारा माणूस साध्या रायफलीने जे मारील, ते महागडी रायफल कपाटात ठेवणाऱ्याला जमणार नाही.

या काडतुसाची रचना नीट समजून घेतली तर निवडीचे अर्धे काम होते. यात पेटवणारे मिश्रण पुंगळीच्या मागच्या काठात फिरवून भरलेले असते आणि घोड्याची सुई त्या काठावर आपटते, म्हणून याला रिमफायर म्हणतात. मिश्रण काठात सर्वत्र सारखे बसले नाही तर प्रत्येक गोळीचा वेग थोडा थोडा बदलतो. गोळी उघड्या शिशाची, वरून मेणाचा किंवा तेलकट लेप दिलेली असते. मोठ्या सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी पेटणाऱ्या) काडतुसांप्रमाणे हे काडतूस घरी भरता येत नाही, त्यामुळे दारू कमी-जास्त करून रायफलीची मर्जी राखण्याचा मार्ग येथे बंद आहे. वेगवेगळी काडतुसे विकत आणून रायफलीपुढे ठेवायची आणि तिला कोणते मानवते ते पाहायचे, एवढेच हाती उरते. काही म्हशी ओळखीच्या हातालाच पान्हा सोडतात, तसाच हा प्रकार आहे. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन रायफलींची आवड वेगळी असू शकते, आणि एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्येही (एका वेळी बनलेल्या मालाच्या खेपांमध्येही) फरक पडतो. स्पर्धेचे नेमबाज लॉट तपासून मगच पेट्या उचलतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिकाऱ्याला इतके करण्याची गरज नाही, पण सहा-सात प्रकारांची एकेक खोकी घेऊन बसण्याची गरज निश्चित आहे.

त्यात पहिली निवड वेगाची. स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे १,०७० फूट वेगाने निघते, म्हणजे ती मुळातच आवाजाच्या वेगाच्या खाली असते. हाय व्हेलॉसिटीची गोळी १,२३५ फुटांच्या आसपास निघते आणि वाटेत तिचा वेग आवाजाच्या वेगाखाली येतो. त्या संक्रमणाच्या पट्ट्यात हवेचा विरोध झपाट्याने वाढलेला असतो आणि गोळीच्या स्थैर्यावरही परिणाम होतो. पुष्कळांना आश्चर्य वाटते, पण शंभर यार्डांवर आडव्या वाऱ्यात वेगवान गोळी संथ गोळीपेक्षा जास्त सरकते, त्याचे कारण हेच. डोक्यावर मारायचे असेल तर संथ गोळीची ताकद पुरेशी असते. म्हणून सुरुवात सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी आणि एसके स्टँडर्ड प्लस यांसारख्या काडतुसांनी करावी. सीसीआय मिनी-मॅगसारखे वेगवान काडतूसही तपासून पाहावे, कारण एखाद्या रायफलीला तेच मानवते आणि मग वाद घालण्यात अर्थ नसतो.

रायफल बोल्टचीच घ्यावी. ६०० ते ७०० डॉलरमध्ये दुर्बिणीसह बसवायचे असेल तर सॅव्हेज मार्क टू आणि रुगर अमेरिकन रिमफायर ही नावे आधी येतात. रायफलीवर थोडे अधिक घालून दुर्बिणीत काटकसर करता येत असेल तर सीझेड ४५७ पाहावी, आणि पुढेमागे बजेट वाढले तर टिक्का टी१एक्स. सॅव्हेजचे अॅक्युट्रिगर मालकाला स्वतः हलके करता येते, सीझेडचे ट्रिगरही जुळवता येते. माझ्या लेखी नळीनंतर सर्वांत मोलाची वस्तू ट्रिगर आहे. तीन किलोची रायफल तीन किलोच्या ओढीने चालवायची म्हटले, तर सुटण्याच्या क्षणी नेम हलणारच. एक-सव्वा किलोच्या आसपास, न सरकता स्वच्छ तुटणारे ट्रिगर असावे.

नळीच्या लांबीचा अचूकतेशी फारसा संबंध नाही. या काडतुसातील इवलीशी दारू सोळा इंचांच्या आसपास आपले काम उरकते. त्यापुढची लांबी साध्या साइटवर नेम धरताना उपयोगी पडते, दुर्बिणीला तिची गरज नसते. रानातील फांद्यांतून वावरायला सोळा ते वीस इंचांची नळी बरी. जाड व्हार्मिंट नळी दुकानात भारदस्त दिसते, पण खांद्यावर दिवसभर वागवताना तिचा भार कळतो.

दुकानात अचूकता कळत नाही. मात्र काही दोष कळतात. नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहावी, कारण गोळीला शेवटचा स्पर्श तेथे होतो आणि तेथे ओरखडा असेल तर गोळी तिरकी सुटते. दुकानदाराची परवानगी घेऊन, रिकामी असल्याची खात्री करून, ट्रिगरची ओढ पाहावी. जुन्या रायफलींपैकी पुष्कळांत रिकामा घोडा पाडला की सुई चेंबरच्या (काडतूस बसते त्या खोबणीच्या) काठावर आपटून तेथे खळगा पडतो, त्यामुळे सेकंडहँड घेताना चेंबरची कड जरूर तपासावी. दस्त्याचे स्क्रू सैल असतील तर चांगली रायफलही गोळ्या विखुरते.

घरी आणल्यावर तपासणी अशी करावी. पन्नास यार्डांवर, टेकू घेऊन, प्रत्येक प्रकाराच्या पाच गोळ्यांचे किमान चार-पाच ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके) काढावेत. तीन गोळ्यांचा एखादा सुंदर ग्रुप कोणतीही रायफल देते, आणि तोच फोटो इंटरनेटवर फिरतो. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना पहिल्या दहा-वीस गोळ्या मोजू नयेत, कारण प्रत्येकाचा लेप वेगळा असतो आणि नळीला नव्या लेपाची सवय होईपर्यंत गोळ्या भटकतात. याच कारणाने नळी रोज घासूनपुसून लख्ख करण्याची हौसही आवरावी.


पैठणचा नेमबाज

बालाघाटी सरांचा अभ्यास मान्य आहे, पण पॉइंट टूटूवर इतका भर का, हे मला समजले नाही. २००२ मध्ये हॉर्नडी कंपनीने आणलेले पॉइंट वन-सेव्हन (०.१७ इंच) एचएमआर हे काडतूस रिमफायरच आहे, त्याची १७ ग्रेनची गोळी सेकंदाला २,५५० फूट वेगाने जाते आणि शंभर यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत राहते. गोळीला तांब्याचे आवरण असल्यामुळे सरसकट कोणतेही खोके उचलले तरी रायफल चांगले ग्रुप देते. सहा-सात प्रकारांचे प्रयोग करीत बसावे लागत नाही. अंतर चुकीचे मोजले तरी नेम चुकत नाही. नवख्या माणसाला हे जास्त सोयीचे नाही का?

शिवाय बोल्ट चालवताना हात हलतो आणि खार सावध होते. १९६४ पासून बाजारात असलेली सेमी-ऑटोमॅटिक रुगर १०/२२ अमेरिकेत घरोघरी आहे आणि तिचे सुटे भाग कोठेही मिळतात. पहिली गोळी चुकली तर दुसरी लगेच तयार असते. पॉइंट टूटूच घ्यायची असेल तर मी तीच घेईन.


देगलूरकर, मिसूरी

मी मूळचा देगलूरचा आणि बरीच वर्षे मिसूरीत राहतो, त्यामुळे या चर्चेत दोन शब्द अधिकाराने बोलतो.

पैठणच्या मित्रांनी वन-सेव्हन एचएमआरचे जे गुण सांगितले ते सगळे खरे आहेत, आणि मोकळ्या कुरणात दूरवर बसलेल्या उपद्रवी प्राण्यासाठी मी तेच काडतूस सुचवीन. खारीसाठी मात्र ते अति होते. एवढ्या वेगाची, फुटण्यासाठीच बनवलेली गोळी डोक्यावर बसली तर ठीक. एक-दोन इंच मागे लागली तर पुढच्या पायांचे आणि छातीचे मांस उरत नाही. येथे शिकार खाण्यासाठी होते. रानही दाट असते, शंभर यार्डांवर खार दिसतच नाही, त्यामुळे सपाट मार्गाचा जो मोठा फायदा सांगितला जातो तो येथे वापरलाच जात नाही. त्यात काडतूस महाग, म्हणजे सराव कमी. पॉइंट टूटू मॅग्नम या अधिक ताकदीच्या काडतुसाबद्दलही माझे मत असेच आहे.

रुगर १०/२२ वाईट नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत ती आहे. पण कारखान्यातून येणारी साधी १०/२२ घेतली तर चेंबर सैलसर आणि ट्रिगर जड असते. नवी नळी आणि नवे ट्रिगर बसवून ती उत्तम होते, हे खरे, परंतु तोवर तिच्यावर सीझेडएवढे पैसे खर्च झालेले असतात. दुसऱ्या गोळीचा मुद्दा मला पटत नाही. खार चुकली की ती बुंध्याच्या मागे जाते, आणि तेथे झटपट झाडलेली दुसरी गोळी बहुधा फांदीतून आभाळात जाते. दहा-पंधरा मिनिटे निश्चल बसून राहिले तर तीच खार पुन्हा डोके बाहेर काढते. या शिकारीत बसण्याला फार महत्त्व आहे.

आणि आभाळाचा विषय निघालाच आहे, तर जो मुद्दा अजून कोणी मांडला नाही तो मांडतो. पॉइंट टूटूची गोळी अनुकूल कोनात दीड मैलापर्यंत जाऊ शकते. काडतुसाच्या खोक्यावरही तसा इशारा छापलेला असतो. शेंड्यावरच्या, आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या खारीवर रायफल झाडू नये. खारीच्या मागे जाड बुंधा किंवा जाड फांदी असली पाहिजे, नाहीतर ती जमिनीवर किंवा पडलेल्या ओंडक्यावर येईपर्यंत थांबावे. पाने दाट असताना, हंगामाच्या सुरुवातीला, पुष्कळ लोक म्हणूनच रायफलीऐवजी छऱ्याची शॉटगन नेतात. तिचे सहा नंबरचे छर्रे काहीशे यार्डांत निर्जीव होऊन पडतात. पाने गळल्यावर रायफलीचे दिवस येतात. तुमच्या बंधूंनी ऑक्टोबरच्या उत्तरार्धानंतर रायफल घेऊन जावे असे मी म्हणेन.

कायद्याबाबत थोडक्यात. मिसूरीत खारीचा हंगाम मे महिन्याच्या चौथ्या शनिवारी सुरू होऊन १५ फेब्रुवारीला संपतो आणि दिवसाला दहा खारींची मर्यादा आहे. १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, सोळा वर्षांवरील व्यक्तीला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि मगच परवाना मिळतो. कायमस्वरूपी निवासी असल्यामुळे रायफल खरेदी करण्यात बंधूंना अडचण नाही. दुकानदार संघीय अर्ज भरून घेतो आणि पार्श्वभूमीची तपासणी करतो. तुम्ही स्वतः पर्यटक व्हिसावर त्यांच्याकडे येणार असाल तर मात्र सावध राहा. अशा व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास संघीय कायद्याने सर्वसाधारण मनाई आहे, आणि एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्यातील एक अपवाद आहे. तेव्हा "जरा हातात घेऊन पाहतो" म्हणण्याआधी परवाना काढून ठेवा.


मोसंबीवाला (अंबड, जि. जालना)

चर्चा वाचून माझाही प्रश्न विचारतो. माझ्या मोसंबीच्या बागेत खारींनी ठिबकच्या नळ्यांची चाळण केली आहे. उन्हाळ्यात दर दोन-तीन झाडांमागे एक गळती सापडते, जोड घालून घालून नळी निम्मी उरली आहे. शेजारच्या डाळिंबाच्या बागेत तर फळे पोखरली जातात. एअर रायफलीला लायसन लागत नाही असे ऐकले आहे. तेवढ्यासाठी एखादी अचूक एअर रायफल सुचवाल का? खार आमच्या भागात काही दुर्मीळ नाही.


बालाघाटी (अंबाजोगाई)

तुमचे नुकसान खरे आहे, आणि आपल्या भागातल्या ठिबकवाल्यांपैकी ज्याला हा अनुभव नाही असा माणूस शोधावा लागेल. तरीही या कामासाठी मी कोणतीही रायफल सुचवणार नाही.

येथे दोन वेगळे कायदे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची आणि २० जूलच्या आतील ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. तो नियम फक्त ती वस्तू बाळगण्याविषयी आहे. ती कशावर चालवायची याचे उत्तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आहे, आणि त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत जीव घेण्याबरोबरच विष घालणे, पिंजऱ्यात किंवा सापळ्यात पकडणे आणि या सगळ्यांचा नुसता प्रयत्न करणेही येते. प्राणी दुर्मीळ नाही हा त्यावर बचाव होत नाही. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी वनखात्याकडून परवानगी मिळवण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिच्या आधाराने खारीवर बंदूक रोखता येणार नाही.

नळीचे म्हणाल, तर उन्हाळ्यात नळीवर दात चालवण्यामागे बहुतेक वेळा तहान असते. बांधावर आणि विहिरीजवळ, सावलीत, उथळ परळांत किंवा फुटक्या माठांच्या बुडात रोज पाणी ठेवा. आमच्या भागात ज्यांनी हे नेटाने केले त्यांच्या गळत्या कमी झाल्या. नवी लॅटरल (ठिबकची नळी) टाकाल तेव्हा ती उघडी न ठेवता उसाच्या पाचटाखाली किंवा चार बोटे मातीखाली घ्या. मातीखाली घ्यायची असेल तर ड्रिपरमध्ये मुळ्या शिरू न देणारी आणि जमिनीखाली टाकण्यासाठीच बनवलेली नळी विक्रेत्याकडून मागून घ्या, साधी नळी पुरली तर दुसरेच दुखणे मागे लागेल. डाळिंबाला कागदी किंवा कापडी पिशव्या बांधण्याची मजुरी जड वाटते, परंतु पिशवीमुळे उन्हाचा चट्टाही टळतो, त्यामुळे तो खर्च एकट्या खारीच्या नावावर पडत नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून एअर रायफलींची चौकशी आपल्या तालुक्यांतही वाढली आहे, आणि ते चांगलेच आहे. घरातील मुलांना आवड असेल तर एअर रायफल जरूर घ्या. दहा मीटरवर कागद लावा, मागे वाळूच्या गोण्या ठेवा. तसे असेल तर वेगळा धागा काढा, मी सविस्तर लिहीन.


पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. देगलूरकरसाहेबांनी व्हिसाचा मुद्दा सांगितला नसता तर तो माझ्या लक्षातही आला नसता.

बंधूंनी दुकानात सॅव्हेज मार्क टू आणि सीझेड ४५७ अशा दोन्ही हाताळून पाहिल्या. सीझेडचा बोल्ट आणि लाकडी दस्ता त्यांना आवडला, पण ती घेतली तर दुर्बिणीसाठी थोडेच पैसे उरतात. सॅव्हेज घेतली तर चांगली दुर्बीण बसते. दुकानदाराकडे हरणाच्या रायफलीवरून उतरवलेली एक जुनी, मोठ्या शक्तीची दुर्बीण स्वस्तात मिळते आहे. ती सीझेडवर चढवावी का, असे ते विचारतात. शिवाय दुर्बीण किती अंतरावर जुळवावी? आम्ही येथे कायम पन्नास मीटरवरच खेळलो, त्यामुळे कमी-जास्त अंतरावर गोळी वर-खाली जाते याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही.


देगलूरकर, मिसूरी

ती जुनी दुर्बीण घेऊ नये. हरणाच्या रायफलीसाठी बनवलेल्या साध्या दुर्बिणी शंभर यार्डांसाठी किंवा त्याहून अधिक अंतरासाठी पॅरलॅक्समुक्त (डोळा हलला तरी नेमाची खूण न सरकणाऱ्या) केलेल्या असतात. वीस-पंचवीस यार्डांवरच्या खारीकडे तिच्यातून पाहताना डोळा किंचित बाजूला झाला तरी क्रॉसहेअर (नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकलेली दिसते, आणि झाडाला टेकून मान वर करून पाहणाऱ्याचा डोळा दर वेळी मधोमध राहत नाही. रिमफायरसाठीच्या दुर्बिणी पन्नास यार्डांवर जुळवलेल्या असतात. किंवा जिच्यात ही जुळवाजुळव बोटाने करता येते अशी दुर्बीण घ्यावी. शक्ती दोन ते सात किंवा तीन ते नऊ पुरे झाली. सकाळच्या अंधुक उजेडात आणि हलत्या फांद्यांत खार चटकन शोधायची असेल तर कमी शक्तीवर दिसणारा रुंद देखावा जास्त उपयोगी पडतो, आणि शक्ती वाढवली की स्वतःच्या हाताचा थरकापही मोठा दिसू लागतो.

दोन रायफलींत निवड करायची तर, माझ्या मते, सॅव्हेज आणि चांगली दुर्बीण ही जोडी सीझेड आणि सुमार दुर्बीण या जोडीपेक्षा पहिल्या हंगामात जास्त खारी घरी आणील. पण सीझेडचा मोह मलाही समजतो. बंधू दोन-तीन महिने थांबून दुर्बिणीचे पैसे साठवू शकत असतील तर सीझेड घ्यावी आणि तोपर्यंत साइटवर सराव करावा. मात्र त्यासाठी साइट असलेले मॉडेल मागावे लागेल. सीझेडच्या काही मॉडेलांवर साइट येतच नाही.

आता जुळवणीचे अंतर. दुर्बीण नळीच्या मध्यरेषेपेक्षा सुमारे दीड इंच वर बसते, म्हणून गोळी खालून येऊन दृष्टिरेषेला गाठते. वेगवान काडतुसाने पन्नास यार्डांवर बरोबर जुळवली तर पंचवीस यार्डांवर गोळी दृष्टिरेषेच्या अगदी किंचित वर असते, म्हणजे तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही. दहा यार्डांवर मात्र ती अर्ध्या इंचाहून अधिक खाली लागते, आणि डोक्यावरच खार आली की नवखे लोक याच कारणाने चुकतात. पंचाहत्तर यार्डांवर ती दोन इंचांहून अधिक, तर शंभरावर सहा-सात इंच खाली पडते. संथ काडतूस वापरले तर हे आकडे थोडे वाढतील. म्हणून पन्नासावर जुळवावी आणि पन्नासाच्या पलीकडे, निदान पहिल्या हंगामात, गोळी झाडूच नये. ताशी दहा मैलांचा आडवा वारा पन्नास यार्डांवर गोळीला इंचभर सरकवतो आणि आपल्या हिशेबात एवढीच जागा होती, तेव्हा पाने सळसळू लागली की अंतर आणखी कमी करावे. झाडावर चढता कोन असला तरी या अंतरांत त्याचा फरक नगण्य आहे.

आणि ही जुळवणी शेवटी जे काडतूस नक्की होईल त्याच्यावरच करायची आहे. काडतूस बदलले की गोळ्या पडण्याची जागा बदलते, कधी इंचभर खाली तर कधी बाजूला. एकदा आवड कळली की त्याच लॉटचा पूर्ण कार्टन उचलून ठेवायला सांगा, आणि हंगामाच्या आधी टेकू सोडून, बुंध्याला पाठ लावून आणि गुडघ्यांवर कोपरे टेकवून कागदावर सराव करायला सांगा. त्या बैठकीत ते जेवढ्या अंतरावर एका इंचात राहतील, तेवढीच त्यांची शिकारीची मर्यादा धरावी.